औषधाचा पहिला घोट कोणी घ्यायचा?



या व्यासपीठावरून पंडितांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी खाली सतरंजीवर बसून ऐकावे, अशी आजवरची रीत. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाजवळ, रात्रीच्या वर्गात आणि औषधांच्या कारखान्यांच्या दारांवर. तेव्हा 'प्रयोगशाळेतील प्राणी आणि औषधांची परीक्षा' या विषयावर आम्ही शास्त्रज्ञाच्या अधिकाराने बोलणार नाही. पण औषध ज्यांच्या हातून तयार होते आणि ज्यांच्या पोटात जाते, त्या दोघांशीही आमचा तीस वर्षांचा संबंध आहे. तेवढ्या शिदोरीवर बोलू.

हा विषय आमच्यापुढे आला तो एका मागणीपत्राच्या निमित्ताने. एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात प्राणी ठेवण्याच्या जागेवर एक गृहस्थ कामाला होते. वयाने वडील, कोकणातले. सगळे त्यांना मामा म्हणत. पांढरे उंदीर, ससे, गिनीपिग यांचे पिंजरे साफ करणे, दाणापाणी करणे, तपासणीच्या वेळी प्राणी हातात धरून देणे, हे त्यांचे एकोणीस वर्षांचे काम. मामांना दम लागे. शनिवार-रविवार घरी असले की बरे वाटे, सोमवारी कामावर गेले की पुन्हा छाती भरून येई. उंदराच्या मुतात एक प्रथिन असते. ते पिंजऱ्यातल्या भुश्शात वाळते, धुळीबरोबर उडते आणि रोज हुंगणाऱ्याला दमा जडवू शकते. ही जगभर माहीत असलेली कामावरची व्याधी आहे. व्यवस्थापनाचे म्हणणे मात्र असे की, मामांची प्रकृतीच नाजूक.

मागणीपत्रावर सही करताना मामांनी आम्हांला विचारले, "भाऊ, मास्क मिळेल हो. पण मला एक सांगा. ज्याला सकाळी मी दाणे घालतो, त्यालाच संध्याकाळी धरून देतो. हे सारं खरंच लागतं का? आणि उंदराला मानवलं म्हणून माणसाला मानवेल, हे ठरवलं कोणी?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. भत्ता किती, पाळी किती, हे आम्हांला तोंडपाठ होते. हे ठाऊक नव्हते. मामांच्या त्या दोन प्रश्नांमागे आम्ही जे वाचत आणि विचारत गेलो, ते आज आपल्यापुढे मांडतो.

हे खरोखर लागते का?

पहिला प्रश्न घेऊ. काचेच्या नळीत जंतू घ्यावेत, त्यांवर औषध टाकावे, जंतू मेले की औषध चांगले. मध्ये उंदराचे काय काम? असा विचार कोणाच्याही मनात येईल. त्याला उत्तर देणारी एक घटना जर्मनीत घडली. गेऱ्हार्ट डोमाक नावाचे डॉक्टर बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत कापडाला लावायच्या रंगांच्या जातीची रसायने जंतूंवर तपासत होते. १९३२ मध्ये त्यांच्या हाती एक तांबडे रसायन आले. पुढे ते 'प्रोंटोसिल' या नावाने प्रसिद्ध झाले. नळीतल्या जंतूंवर त्याचा काहीच परिणाम होईना. पण तेच जंतू टोचलेल्या उंदरांना ते दिले, तेव्हा उंदीर जगले आणि न दिलेले मेले.

हे कोडे १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडले. तो तांबडा रंग हे मुळी औषधच नव्हते. शरीरात गेल्यावर त्याचे तुकडे होत आणि त्यांतला 'सल्फानिलामाइड' नावाचा बिनरंगी तुकडा जंतूंना आवरून धरी. नळीला यकृत नसते, म्हणून नळीत औषध निष्क्रिय ठरले. बंधूंनो, हा सगळ्या विषयाचा पाया आहे. आपण जी गोळी गिळतो ती जशीच्या तशी कामाला लागत नाही. आतडे तिला शोषते, यकृत मोडते, रक्त वाहून नेते, मूत्रपिंड बाहेर टाकते. या वाटेवर औषधाचे विष होऊ शकते आणि रंगाचे औषध होऊ शकते. वाट पाहायची तर चालते-फिरते शरीर लागते. डोमाक उंदरांपर्यंत गेले नसते, तर हे औषध कचऱ्याच्या डब्यात गेले असते.

पेनिसिलिनचेही तसेच. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले. चारांना पेनिसिलिन दिले, चारांना नाही. नॉर्मन हीटली हे त्यांचे सहकारी रात्री प्रयोगशाळेत थांबून पाहत होते. उजाडेपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेलेले होते आणि औषध मिळालेले जिवंत होते. आठ उंदीर आणि एक रात्र! त्यानंतर जगभर किती माणसे वाचली त्याची मोजदाद करणे अवघड आहे.

आता याची दुसरी बाजू पाहू. प्राण्यांवर परीक्षा न केली तर काय होते? वर सांगितलेले सल्फानिलामाइड १९३७ पर्यंत गोळीच्या आणि भुकटीच्या रूपाने सर्वत्र वापरात आले होते. लहान मुलांसाठी पातळ औषध हवे, अशी अमेरिकेत मागणी आली. टेनेसी राज्यातल्या एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकोल या गोडसर द्रवात विरघळवले, वर रासबेरीचा स्वाद घातला. रंग पाहिला, वास पाहिला, चव पाहिली. कोणा प्राण्याला पाजून मात्र पाहिले नाही; कारण तसा कायदाच नव्हता. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शंभरांहून अधिक माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. त्यांत पुष्कळ लहान मुले होती. शिकागो विद्यापीठात प्राध्यापक गाइलिंग यांनी तेच औषध आणि तो द्रव निरनिराळा करून प्राण्यांना दिला, तेव्हा मारेकरी औषध नसून द्रव आहे, हे स्पष्ट झाले.

आणि कायद्याने कंपनीला कशाबद्दल पकडले? माणसे मेली याबद्दल नव्हे! 'एलिक्सिर' हा शब्द लेबलावर छापायचा तर औषधात अल्कोहोल असावे लागते आणि ते नव्हते, एवढाच गुन्हा. दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने कायदा केला: औषध विक्रीला आणण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचा पुरावा सरकारपुढे ठेवलाच पाहिजे. प्राण्यांवरील परीक्षा सक्तीची झाली ती अशी, शंभरावर प्रेतांच्या साक्षीने. तोपर्यंत औषधाचा पहिला घोट रोगीच घेत होता. मामांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. उंदराला बाजूला सारले तर त्याची जागा रिकामी राहत नाही; तेथे माणूस उभा केला जातो.

परळचा ससा

आपल्या मुंबईचेही एक उदाहरण आहे. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवी भागात प्लेग दिसू लागला. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा खोलीत त्यांनी काम मांडले. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, तर वर चार थेंब तुपाचे सोडायचे. तुपाच्या तरंगत्या थेंबांना लोंबून जंतूंची वाढ झुंबरासारखी खाली उतरते. ते जंतू उष्णतेने मारून त्यांची लस केली. ती प्रथम सशांना टोचली. लस टोचलेले ससे प्लेगच्या जंतूंना दाद देईनात, असे दिसल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर त्याच महिन्यात ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली गेली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

यातला क्रम पाहा: ससा, शास्त्रज्ञ, कैदी. सशाला विचारण्याचा प्रश्न नव्हता. शास्त्रज्ञाने स्वतःहून हात पुढे केला. कैद्यांनीही आपखुशीने लस घेतली असे सांगतात. पण तुरुंगाच्या दाराआड आपखुशी किती असते, हे आम्ही मजूर चळवळीतल्या माणसांनी कोणाला सांगायला नको. हा धागा पुढे पुन्हा हाती घेऊ.

हाफकिन यांच्या आयुष्यातला दुसरा धडाही मोलाचा आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते मेले. ठपका हाफकिनवर आला, त्यांची नोकरी गेली. त्या साऱ्यांना एकाच बाटलीतली लस टोचलेली होती, ती बाटली गावात उघडताना दूषित झाल्याची शक्यता अधिक, हे मान्य होऊन ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडावे लागले. याचा अर्थ असा की, प्राण्यावरची परीक्षा औषधाची असते, बाटलीची नसते. औषध निर्धोक ठरले तरी प्रत्येक घाण्याची शुद्धता वेगळी तपासावी लागते.

हा धडा आपण शिकलो असे म्हणवत नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत ज्या डायएथिलीन ग्लायकोलने माणसे मारली, तेच १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये मिसळलेले निघाले आणि १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ मध्ये तेच विष खोकल्याच्या औषधातून मध्यप्रदेशातल्या छिंदवाडा भागात २० हून अधिक बालकांच्या जिवावर उठले. त्यांतली कित्येक उपचारांसाठी नागपूरला आणलेली होती. हे विष ओळखायला आता उंदीर लागत नाही. कच्च्या मालाच्या पिंपातला नमुना घेऊन साधी रासायनिक तपासणी केली की पुरते. लागतो तो तपासणीचे काम इमानाने करणारा केमिस्ट, आणि "हे पिंप नापास" असे म्हटल्याबद्दल त्याची नोकरी जाणार नाही, असे संरक्षण. हे शेवटचे आम्ही आमच्या अनुभवाने जोडतो.

उंदरावरून माणसाचा हिशेब

आता मामांचा दुसरा प्रश्न. उंदराला मानवले म्हणून माणसाला मानवेल, हे ठरवले कोणी? खरे उत्तर असे की, तसे कोणीही ठरवलेले नाही. शास्त्र एवढेच म्हणते की, उंदरावरून माणसाचा अंदाज बांधता येतो, आणि तो चुकेल या हिशेबानेच पुढचे पाऊल टाकायचे असते.

अंदाज कसा बांधतात ते पाहू. नवे औषध साधारणपणे दोन जातींच्या प्राण्यांना देतात: एक कुरतडणारा, म्हणजे उंदीर, आणि दुसरा न कुरतडणारा, बहुधा कुत्रा किंवा माकड. दर गटाला वेगवेगळे प्रमाण, एका गटाला औषधच नाही. काही दिवस, काही आठवडे, काही महिने. वजन घटते का, रक्त-लघवीत काय दिसते, शेवटी यकृत, मूत्रपिंड, हृदय यांच्या पेशींत काय फरक पडला, हे पाहतात. गाभण माद्यांना देऊन पिल्लांवरचा परिणाम पाहतात. यातून जे सर्वांत मोठे प्रमाण कोणताही अपाय न करता पचले, ते टिपून ठेवतात.

समजा, मोठ्या उंदराला दर किलो वजनामागे ६२ मिलिग्रॅम औषध अपायाविना पचले. मग ६० किलोच्या माणसाला ६२ गुणिले ६०, म्हणजे ३,७२० मिलिग्रॅम द्यावे काय? मुळीच नाही. लहान प्राण्याचा संसार वेगाने चालतो. छोट्या उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके घेते, आपले सत्तरच्या आसपास. तो खातो भराभर, जाळतो भराभर आणि औषधही भराभर बाहेर टाकतो. म्हणून वजनाऐवजी शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब धरतात. त्यासाठी मोठ्या उंदराचा आकडा ६.२ ने भागतात. आले १० मिलिग्रॅम. आता अंदाज चुकण्याची भीती म्हणून त्याचाही दहावा भाग: १ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला पहिल्या वेळी फार तर ६० मिलिग्रॅम. कोठे ३,७२० आणि कोठे ६०! त्यापुढे थोड्या निरोगी माणसांवर, मग थोड्या रोग्यांवर, मग शेकडो-हजारो रोग्यांवर, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दर १० औषधांपैकी सुमारे ९ बाजाराचे तोंड पाहत नाहीत, यावरून प्राण्यांची साक्ष किती पुरी आणि किती अपुरी, ते ध्यानात येईल.

साक्षीदार कोठे चुकतो

ही साक्ष चुकते कशी, हे घरातल्या उदाहरणानेही कळेल. तापावर आपण पॅरासिटामॉलची गोळी घेतो. तीच मांजराने खाल्ली तर त्याचा जीव जाऊ शकतो, कारण ती गोळी मोडून टाकण्याचे साधन मांजराच्या यकृतात अपुरे आहे. पेनिसिलिन उंदराला तारते, गिनीपिगला मारू शकते. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू नाहीसे होतात. फ्लोरींनी त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर?

डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे औषध माणसाला चालते, गायीम्हशींना चालते. पण औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे बंद पडत. १९९० नंतर भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. कारण समजायला २००४ साल उजाडले; २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधाच्या निर्मितीवर आपल्याकडे बंदी आली. त्याऐवजी मेलोक्सिकॅम वापरावे असे ठरवण्याआधी त्याची परीक्षा गिधाडांवरच करावी लागली. कोणाच्या जिवाचा प्रश्न आहे, त्याच्याच जातीवर शेवटी परीक्षा होते.

सर्वांत दारुण कथा थॅलिडोमाइडची. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचे औषध विक्रीला आले. उंदरांना कितीही दिले तरी ते मरत नाहीत, अशी त्याची ख्याती. म्हणून ते अगदी निर्धोक म्हणून खपवले. गरोदर स्त्रियांनी सकाळच्या मळमळीवर ते घेतले. १९६१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेतले गेले, तोवर जगात दहा हजारांहून अधिक मुले हातपाय खुंटलेली अशी जन्मली होती. गाभण प्राण्यांवर त्याची नीट परीक्षा झालीच नव्हती. पुढे झाली तेव्हा दिसले की, उंदरांच्या पिल्लांत हे व्यंग सहसा येत नाही, काही जातींच्या सशांत आणि माकडांत येते. म्हणजे दोष दुहेरी होता. विचारायला हवा तो प्रश्न विचारला नव्हता, आणि नुसत्या उंदराला विचारला असता तर उत्तरही चुकीचे आले असते.

अमेरिकेत मात्र ते औषध विक्रीला येऊ शकले नाही. सरकारी कचेरीतल्या डॉ. फ्रान्सेस केल्सी यांनी १९६० पासून कंपनीचा अर्ज अडवून धरला. पुरावा अपुरा आहे, आणखी आणा, एवढेच त्या म्हणत राहिल्या. या बाई १९३७ मध्ये त्याच शिकागोच्या प्रयोगशाळेत गाइलिंग यांच्या हाताखाली विद्यार्थिनी होत्या. विषारी द्रवाने मेलेले उंदीर ज्यांनी पाहिले होते, त्यांच्यावर कंपनीच्या तगाद्यांचा परिणाम झाला नाही.

आणि २००६ चा मार्च महिना. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी तरुणांना एक नवे औषध टोचले. माकडांना त्याच्या ५०० पट प्रमाण पचलेले होते. तरीही तासा-दीड तासात सहाही जणांना त्रास सुरू झाला आणि पुढे ते अत्यवस्थ झाले. प्राण वाचले, पण एकाला हातापायांची बोटे गमवावी लागली. माणसाच्या काही रक्तपेशींवर जी खूण असते, ती माकडाच्या तशाच पेशींवर नव्हती. म्हणून माकड गप्प राहिले. आणखी एक चूक अशी की, साऱ्यांना एकामागोमाग, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने टोचले. पहिल्याचे काय होते ते पाहायला कोणी थांबले नाही. त्यानंतर, अशा औषधात प्रथम एकालाच द्यावे व थांबावे, असा दंडक आला.

प्राण्यांची बाजू

साक्षीदार अपुरा आहे, म्हणून त्याला वाटेल तसे राबवावे काय? १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे सांगितली. प्राण्यावाचून भागत असेल तेथे प्राणी घेऊ नका. घ्यावेच लागले तर कमीत कमी घ्या. आणि घेतलेल्याला कमीत कमी यातना द्या. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, आपल्या संसदेने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची राज्यसभेतली खटपट होती. त्या कायद्याने प्रयोगांवर देखरेखीसाठी समिती आली आणि १९९८ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत नीतिसमिती आली. तिच्यात शास्त्रज्ञांबरोबर, शास्त्रज्ञ नसलेला पण समाजाची जाण असलेला एक सभासद घ्यावा लागतो.

या सूत्रांनी प्रत्यक्षात काय साधले? १९२७ पासून एक ठरीव परीक्षा होती: किती प्रमाणात दिले म्हणजे निम्मे प्राणी मरतात ते काढायचे. तिच्यासाठी शेकड्यांनी प्राणी मारले जात. अनेक देशांना मान्य असलेल्या चाचण्यांच्या यादीतून ती २००२ अखेर काढून टाकली. आता थोड्या प्राण्यांत ते काम भागते. सलाइनसारख्या टोचायच्या द्रवांनी ताप येतो का, हे पूर्वी सशाला टोचून पाहत. आता पुष्कळ ठिकाणी ते काम नळीत होते. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे. माणसाच्या यकृताच्या पेशी वाढवून त्यांवर औषध पाहणे, काचेच्या चकतीवर अवयवाची नक्कल उभारणे, संगणकाने अंदाज बांधणे, या वाटाही खुल्या झाल्या. ज्या अमेरिकन कायद्याने १९३८ मध्ये प्राणी आणले, त्यातली प्राण्यांची सक्ती २०२२ च्या अखेरीस शिथिल झाली. आपल्या नियमांतही २०२३ मध्ये या नव्या पद्धतींना जागा मिळाली.

मात्र सगळे आजच बंद करता येईल, असे म्हणणे ही श्रोत्यांची दिशाभूल होईल. नागाच्या विषावरची लस एका मिलिलिटरमागे किती विष निष्प्रभ करते, ते आजही उंदरांवर पाहतात. भातशेतीत पाय टाकणाऱ्या बाईला त्या बाटलीत खरोखर जोर आहे की नाही, हे कळायलाच हवे. दुसरी खात्रीची पद्धत येईल त्या दिवशी उंदीर मोकळा व्हावा, आणि ती लवकर यावी म्हणून पैसा खर्च व्हावा, हेच म्हणणे सरळ.

मोल देऊन घेतलेला धोका

आता हाफकिनच्या कैद्यांपाशी सोडलेला धागा. नाझी छावण्यांतील अत्याचारांनंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे दहा नियम ठरले. माणसाची संमती मोकळेपणाने दिलेली हवी, हा पहिला. आणि माणसावरचा प्रयोग आधी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांच्या आधारावर रचावा, हा तिसरा. म्हणजे प्राण्याची परीक्षा हे माणसाचे कुंपण आहे. पण कुंपणाअलीकडे पहिला उभा राहतो तो कोण? गिरणी बंद पडलेल्याचा मुलगा. आमच्या ओळखीचा असा एक तरुण आहे. काम सुटल्यावर तो नव्या कारखान्यांच्या गोळ्या गिळून चार दिवस खाटेवर पडून राहण्याचे पैसे घेई. एका चाचणीनंतर पुरेसे दिवस न थांबता दुसरीकडे नाव देई आणि विचारले तर खोटे सांगे. आम्ही रागावलो, तेव्हा म्हणाला, "दादा, उंदराला निदान दाणे तरी घालतात."

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर आणि २०१९ च्या नियमांनंतर संमतीची पद्धत सुधारली, चाचणीमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई ही कायद्यात आली. हे चांगले झाले. पण उपाशी माणसाच्या सहीला मोकळी संमती म्हणावे का, हा प्रश्न नियमाने सुटत नाही.

येथे आम्हांला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. मामांच्या पहिल्या करारात आम्ही 'प्राणी भत्ता' मागितला आणि मिळवला. ढोल वाजवले, गुलाल उधळला. हवा बाहेर टाकणारा पंखा, बंद पिंजरे, मास्क या मागण्या सौद्यात सोडून दिल्या, कारण भत्ता पगाराच्या चिठ्ठीवर दिसतो, पंखा दिसत नाही. त्या तीन वर्षांत मामांची छाती अधिकच गेली. धोक्याचे मोल वसूल केले, पण धोका तसाच ठेवला. पुढच्या करारात आम्ही भत्ता वाढवून मागितला नाही. पंखे, मास्क, पिंजरे, कामाची आलटापालट आणि दर वर्षी फुप्फुसांची तपासणी मागितली, आणि ते सारे मिळाले. मामांना मात्र त्याचा उपयोग थोडाच झाला.

त्या खोलीत मामांकडून आम्ही एक शिकलो. ते उंदराला कधी शेपटीने उचलत नसत, ओंजळीत घेत. "घाबरलेला प्राणी खरं सांगत नाही," असे म्हणत. शेपटीने उचललेला उंदीर अधिक भेदरतो, हे पुढे संशोधकांनीही प्रयोगाने दाखवले. गर्दीच्या पिंजऱ्यातला, आजारी, भेदरलेला प्राणी चुकीचे आकडे देतो, आणि ते आकडे शेवटी आपल्या पोटात जातात. दया आणि शास्त्र येथे एकमेकांच्या आड येत नाहीत.

तात्पर्य, मामांना आज आम्ही असे उत्तर देऊ. होय, आज तरी काही परीक्षांसाठी प्राणी लागतो. पण जेथे लागत नाही तेथे एकही नको. जेथे लागतो तेथे प्रयोग असा असावा की, तो पुन्हा करण्याची पाळी येऊ नये. आणि अपयशी प्रयोगांचे निकालही प्रसिद्ध व्हावेत, नाहीतर एका कंपनीने दडवलेल्या निकालासाठी दुसरी कंपनी पुन्हा प्राणी मारते. प्राण्याने दिलेली साक्ष ही कच्ची साक्ष आहे, हे कोणी विसरू नये. आणि नीतिसमितीत जशी समाजाची जाण असलेल्याला खुर्ची आहे, तशी पिंजरे धुणाऱ्यालाही एक असावी. प्राणी केव्हा दुखावला, हे सर्वांत आधी त्याला कळते.

मामा आता गावी असतात. दमा आहेच. गेल्या खेपेला भेटलो तेव्हा त्यांच्या उशाशी श्वासातून ओढायच्या औषधाचा पंप होता. तो हातात फिरवून म्हणाले, "हेही आधी कोणाला तरी दिलं असेल, भाऊ." आम्ही म्हटले, "असेल, मामा." यापलीकडे त्या दिवशी आम्हांला बोलता आले नाही.